सॅल्व्हेज टायटलची एम थ्री

अमेरिकेत गाडीच्या मालकीचा जो कागद असतो त्याला टायटल म्हणतात. आपल्या आरसी बुकाचाच तो भाऊ. विमा कंपनीने गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडत नाही अशी, धरली की या कागदावर एक शब्द चढतो, सॅल्व्हेज. गाडी दुरुस्त करून राज्याची तपासणी पार केली की सॅल्व्हेजचं रिबिल्ट होतं. गाडी पुन्हा रस्त्यावर येते, पण डाग राहतो आणि किंमत साधारण वीस ते चाळीस टक्क्यांनी खाली बसते. एरवी हाताला न लागणारी गाडी हाताशी येते ती इथेच. न्यू जर्सीत किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहणाऱ्या आणि वेगवान गाड्यांचं वेड असलेल्या बऱ्याच मराठी मुलांची नजर लिलावाच्या यादीवर फिरत असते ती त्यामुळेच.

हा शिक्का नेमकं काय सांगतो, ते आधी समजून घ्यायला हवं. न्यूयॉर्कमध्ये दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस. टेक्सासात हीच रेषा १०० टक्क्यांवर आहे. कॅलिफोर्नियात आणि न्यू जर्सीत टक्केवारी नाही, तिथे दुरुस्तीचा खर्च आणि भंगाराची किंमत यांची बेरीज करून ती बाजारभावापेक्षा जास्त होते का ते बघतात. या सगळ्या हिशोबात पत्रा किती वाकला हे कुठेच येत नाही, येतात ते फक्त पैसे. त्यामुळे नव्याकोऱ्या महागड्या गाडीची चॅसी वाकली तरी ती दुरुस्त होऊन स्वच्छ टायटलने फिरत राहू शकते, आणि पंधरा वर्षांच्या गाडीच्या दोन एअरबॅग उघडल्या, एक झेनॉन हेडलाइट फुटला, एवढ्यावरही ती सॅल्व्हेज होते. गाडीची खरी अवस्था कागदावरून कळत नाही. ती पत्र्याखाली जाऊन बघावी लागते.

उदाहरणाला बीएमडब्ल्यूची ई४६ पिढीची एम थ्री घेऊ, थ्री सीरिजची वेगवान आवृत्ती. अमेरिकेत ती २००१ ते २००६ या मॉडेल वर्षांत विकली गेली. ३२४६ सीसीचं सहा सिलिंडरांचं, एका ओळीतलं एस५४ इंजिन, ३३३ हॉर्सपॉवर, आणि ८००० आरपीएमपर्यंत न कुरकुरता चढणारा काटा. गाडी इतकी चांगली आहे की तिच्यासाठी धडपडावंसं वाटतं, आणि तिची दुखणी इतकी पक्की माहीत आहेत की कुठे बघायचं याबद्दल शंका उरत नाही. सॅल्व्हेजमध्ये उतरायचं तर अशीच गाडी निवडावी. जिची दुखणी अजून कोणी लिहून ठेवलेली नाहीत, ती गाडी या वाटेने घेऊ नये.

सॅल्व्हेजमधली प्रत्येक गाडी ठोकलेलीच असते असं नाही. गारपिटीने बोनेट-छताला खळगे पडलेली, चोरीला जाऊन चाकं-सीट काढलेल्या अवस्थेत सापडलेली, कोणी ओरबाडून ठेवलेली अशाही असतात, आणि घेण्यासारख्या बहुधा याच. समोरून मध्यम ठोकलेली गाडी माहितगाराने घ्यावी. बाजूने मार बसून दाराखालचा सिल किंवा मधला खांब आत गेलेली गाडी सोडून द्यावी, कारण प्रवाशाला वाचवणारा सांगाडा तोच.

आणि पाण्यात बुडालेली कुठल्याही भावात घेऊ नये. २६ जुलै २००५ नंतर मुंबईत ज्यांनी भिजलेल्या गाड्या सुकवल्या त्यांना हे वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाने न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर तेच झालं, आणि तिथल्या गाड्या पुढे कितीतरी दूरच्या राज्यांत विकल्या गेल्या. इंजिनातलं पाणी काढता येतं. कार्पेटखालच्या जाड फोममध्ये मुरलेलं पाणी मात्र महिनोन्‌महिने ओल धरतं, आणि वायरच्या जोडांना हिरवा गंज चढत राहतो. रोग रोज नव्या जागी निघतो. ओळखायचं असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. धुतलेल्या गाडीतही पट्ट्याच्या आतल्या भागावर गढूळ पाण्याची रेष राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट बघा, एम थ्रीच्या डिकीत उजवीकडे बॅटरी बसते त्या खाचेत बोट फिरवा. बोटाला बारीक गाळ लागला की तिथूनच मागे फिरा.

कोपार्ट आणि आयएए हे तिथले दोन मोठे लिलाव. गाडीचे दहाबारा फोटो असतात आणि एक-दोन शब्दांत मार लिहिलेला असतो, पुढचा भाग, मागचा भाग, तळ. त्यात ‘रन अँड ड्राइव्ह’ असा एक शेरा असतो. अर्थ एवढाच की यार्डात आली तेव्हा गाडी सुरू झाली आणि स्वतःच्या जोरावर हलली. या शेऱ्यावर लोक विसंबतात, आणि एम थ्रीच्या बाबतीत तोच घात करू शकतो. या गाडीचा ऑइल कूलर पुढे, रेडिएटरच्या खाली, बंपरच्या तोंडाशी असतो. समोरून मार बसला की रेडिएटरबरोबर तोही फुटतो. तेल वाहून गेलेलं असताना यार्डातल्या माणसाने दोन मिनिटं इंजिन चालवून बघितलं, तर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांवर तेवढ्यात चरे पडतात. एस५४ची ही बेअरिंगं मुळातच नाजूक. म्हणून समोरून ठोकलेल्या एम थ्रीखाली तेलाचा डाग दिसला तर इंजिन स्वतः सुरू करू नका, कोणाला करूही देऊ नका. ते उघडायचंच आहे असं धरून भाव ठरवा.

यार्डात प्रत्यक्ष जाऊन बघता आलं तर सोन्याहून पिवळं. बरोबर टॉर्च, लोहचुंबक, टेप आणि रंगाची जाडी मोजणारं यंत्र न्यावं. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. ३००च्या वर आकडा गेला तर बहुधा खाली पुट्टी आहे, म्हणजे हा पत्रा आधीही एकदा ठोकला गेलाय. एम थ्रीचं बोनेट ॲल्युमिनियमचं आहे, तिथे लोहचुंबक चिकटणारच नाही आणि फक्त लोखंडावर चालणारं यंत्रही काही दाखवणार नाही. ॲल्युमिनियमही मोजणारं यंत्र घ्या.

बाहेरचा पत्रा नंतर बघितला तरी चालतो. बंपर, फेंडर, बोनेट ही बोल्टने बसणारी वस्तू आहे, पैसे टाकले की येते. बंपरच्या मागची आडवी पट्टी आणि तिच्या दोन टोकांचे दाबले जाणारे डबेही बोल्टनेच बसतात, आणि ते चेमटले असतील तर त्यांनी आपलं काम केलंय. प्रश्न त्यांच्या मागे सुरू होतो. डब्यांमागून चॅसीच्या दोन दांड्या शॉकअपच्या मनोऱ्यांपर्यंत जातात. त्यांच्यावर टॉर्च तिरकी धरा. समोरून उजेड टाकला तर सुरकुती दिसत नाही, तिरक्या उजेडात तिची सावली पडते. रंगाला केसासारखी भेग, सांध्यावरचं सीलर तडकलेलं, वेल्डचा गोल ठिपका ताणून लांबट झालेला, यातलं काहीही मनोऱ्याच्या पुढच्या बाजूला असेल तर सांगाडा मोजून ओढायच्या बेंचवर काम होऊ शकतं. मनोऱ्याच्या मागे, काचेच्या बुडाशी असेल तर हात जोडा. शेवटी दोन्ही दारं उघडून हळूच लावा. दार बंद होताना किंचित उचलावं लागत असेल तर पुढचा खांब सरकलाय. ही एक खूण वीस फोटोंना भारी पडते.

बोली लावण्याआधी यादी करायची, नंतर नाही. समोरून मध्यम मार असेल तर ती साधारण अशी होते: बंपर, त्याची आडवी पट्टी, दोन डबे, रेडिएटरची चौकट, रेडिएटर, एसीचा कंडेन्सर, त्याच्याबरोबर ओल शोषणारा ड्रायर कारण यंत्रणा उघडी पडली की तो बदलायचाच असतो, पंखा, ऑइल कूलर, हेडलाइट आणि त्यांना वीज पुरवणारे बॅलास्ट, बोनेट, बिजागऱ्या, एक किंवा दोन फेंडर. एम थ्रीचे फेंडर रुंद असतात, साध्या थ्री सीरिजचे बसत नाहीत. एअरबॅग उघडल्या असतील तर दोन एअरबॅग, दोन्ही सीटबेल्ट, एअरबॅगचा कंट्रोल युनिट, आणि प्रवाशाकडची बॅग उघडताना तडकली असेल तर पुढची काच. वर लिलावाची फी, यार्डाचं भाडं, गाडी ओढून आणायचा खर्च, रंगकाम. या बेरजेवर आणखी एक तृतीयांश चढवा, कारण गाडी उघडल्यावर तेवढं निघतंच. हा आकडा रिबिल्ट एम थ्रीच्या बाजारभावातून वजा करा. उरेल तीच तुमची वरची बोली. ती ओलांडली की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आता गाडी घरी आली असं धरू. चावी फिरवली, दिवे लागले, रेडिओ लागला, पण स्टार्टर हूं की चूं करत नाही. बरेच जण इथे स्टार्टर बदलतात आणि फसतात. बीएमडब्ल्यूने बॅटरीच्या धन टोकावरच एक बारीक स्फोटक जोड बसवलेला आहे. एअरबॅगच्या यंत्रणेला जोराचा धक्का कळला की हा जोड उडतो आणि स्टार्टरकडे जाणारी जाडजूड केबल बॅटरीपासून सुटी होते. अपघातात चेपलेल्या केबलने आग लागू नये म्हणून ही सोय. बाकी विजेचा पुरवठा तसाच राहतो, म्हणून दिवे लागतात. डिकीचं उजवं अस्तर काढून टर्मिनल बघा. उडालेल्या जोडात केबलचं टोक नळीतून बाहेर सरकलेलं उघड दिसतं. काही जण ते पुन्हा आत दाबून पट्टीने आवळतात. गाडी सुरू होते, पण पुढच्या अपघाताला आग रोखणारं काही उरत नाही. हा भाग नवाच घ्या.

सीटबेल्टचंही तसंच. धक्क्याला बेल्ट आवळणारी नळी एकदाच उडते. न उडालेल्या बेल्टचा पट्टाही वरच्या कडीशी जिथून फिरतो तिथे बघा. जोराने ताणलेल्या पट्ट्यावर वितळल्यासारखी लकाकी येते आणि धागे सपाट होतात. तो बदलावा. एअरबॅगचा कंट्रोल युनिट अपघाताची नोंद आत कुलूपबंद करतो. काही ठिकाणी ती पुसून परत देतात, तरी नवा युनिट घेऊन गाडीला कोड करणं मला एकमेव बरोबर काम वाटतं.

या भागात फसवणूकही सर्वांत जास्त. उडालेल्या एअरबॅगच्या जागी रिकामं झाकण लावायचं आणि तिच्या जोडात दोन-तीन ओहमचा रेझिस्टर खुपसायचा, म्हणजे युनिटला बॅग जागेवर आहे असं वाटतं आणि दिवा पेटत नाही. आधीच कोणीतरी ‘दुरुस्त’ केलेली रिबिल्ट गाडी घेत असाल तर चावी दुसऱ्या टप्प्यावर फिरवा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून मग विझला पाहिजे. पेटलाच नाही तर तो मुद्दाम मारलाय. पेटून विझला म्हणून निर्धास्तही होऊ नका, जोड उघडून बघा. बॅटरीची ऋण केबल काढून थोडी मिनिटं थांबल्याशिवाय मात्र त्या पिवळ्या जोडांना हात लावू नका.

एअरबॅग जुन्या भंगारातून किंवा स्वस्त ऑनलाइन दुकानातून घेऊ नका. ई४६च्या मूळ एअरबॅग टकाटा कंपनीच्या बॅगांच्या रिकॉलमध्ये, म्हणजे सदोष भाग बदलून देण्यासाठी परत बोलावलेल्यांत, आहेत. २०२३ मध्ये बीएमडब्ल्यूने २००० ते २००६ मॉडेलच्या गाड्यांच्या मालकांना बॅग बदलेपर्यंत गाडी चालवूच नका असा इशारा दिला होता, आणि त्यात ई४६ होती. भंगारातली बॅग त्याच जातीची निघण्याचा धोका मोठा. २०२४ मध्ये अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा प्रशासनाने आणखी एक इशारा दिला. आधी अपघात झालेल्या आणि नंतर हलक्या दर्जाचे इन्फ्लेटर, म्हणजे बॅग फुगवणारे भाग, बसवलेल्या गाड्यांत माणसं गेली होती, एरवी ज्यातून वाचली असती अशा अपघातांत. गाडीचा सतरा अंकी-अक्षरी ओळख क्रमांक, व्हीआयएन, प्रशासनाच्या संकेतस्थळावर टाकला की कोणता रिकॉल बाकी आहे ते फुकट कळतं. हे काम घेण्याआधीच करा.

सांगाडा डोळ्यांनी सरळ दिसतो म्हणून सरळ नसतो. गाडी मोजणीच्या बेंचवर चढवून कारखान्याने दिलेल्या बिंदूंशी ताडून बघावी लागते. साधारण तीन मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे ओढून जागेवर आणायचा. बेंचआधी घरीही एक कच्ची तपासणी होते. दोन्ही मनोऱ्यांच्या बोल्टांपासून समोरच्या दांड्यांच्या टोकांपर्यंत कर्ण मोजा, डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे. दोन आकडे जुळले नाहीत तर चौकोन तिरका झालाय. मनोऱ्याचं वरचं तोंड फुगून वर आलंय का तेही बघा. ई४६मध्ये खड्ड्यांनीसुद्धा ते होतं.

मग अलाइनमेंट. दुकानदार टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते, जुळवून हिरव्या आकड्यांचा कागद देतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. त्या कागदावर आणखी दोन आकडे मागून घ्या, कॅस्टर आणि स्टिअरिंग ॲक्सिस इन्क्लिनेशन. पुढचं चाक ज्या काल्पनिक रेषेभोवती वळतं त्या रेषेचा पुढे-मागे कल म्हणजे कॅस्टर, आणि आतल्या बाजूचा कल म्हणजे इन्क्लिनेशन. डाव्या-उजव्या बाजूंच्या या कलात अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर काहीतरी वाकलंय. काय वाकलंय हे कळायला आतल्या बाजूचा कल आणि कॅम्बर, म्हणजे चाकाचा स्वतःचा आत-बाहेर झुकाव, यांची बेरीज करा. बेरीज दोन्हीकडे सारखी आणि कल वेगळा असेल तर मनोरा किंवा खालचा आर्म सरकलाय. बेरीजच वेगळी असेल तर शॉकअपचा स्ट्रट किंवा चाक धरून ठेवणारा नकल वाकलाय. पहिलं काम पत्र्याचं आहे, दुसरं दोनचार बोल्टांचं. या एका बेरजेने आठवड्याची भटकंती वाचते.

अपघात समोरून असला तरी एम थ्री मागून बघायलाच हवी. तिचा मागचा सबफ्रेम, म्हणजे मागची चाकं आणि डिफरन्शियल धरणारी चौकट, गाडीच्या तळाच्या पातळ पत्र्याला चार ठिकाणी बोल्टने बसतो. क्लच सोडताना आणि गॅस देताना डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना जोर वाटणारा गिअरचा डबा, त्या पत्र्याला एकदा खाली, एकदा वर असं खेचतं. हजारो वेळा असं झालं की वेल्डच्या ठिपक्यांभोवती पत्रा थकतो आणि भेग पडते. वरून अंडरकोट असल्याने ती दिसत नाही. गाडी हलकेच पुढे-मागे घेताना मागून ‘टक’ असा आवाज येतो, एवढीच खूण, आणि कधी तीही नसते.

हे काम उरकायचं नसतं, करायचं असतं. सायलेन्सर आणि त्याचे उष्णतारोधक पत्रे काढा, प्रोपेलर शाफ्ट सोडा, ब्रेकच्या नळ्या आणि हँडब्रेकच्या केबल सुट्या करा, स्प्रिंग काढा आणि सबफ्रेम ट्रान्समिशन जॅकवर हळूहळू उतरवा. चारही जागांचा अंडरकोट तारेच्या चाकाने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. शंका असेल तिथे लाल डाय मारून पुसा, वरून पांढरा डेव्हलपर मारा. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेष उमटते. भेगेच्या दोन्ही टोकांना साधारण ३ मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर वेल्डनंतरही ती पुढे सरकत राहते. मग भेग वेल्ड करून सपाट घासा आणि वरून चारही ठिकाणी खास बनवलेल्या मजबुतीच्या प्लेटा वेल्ड करा. एकाच जागी सलग वेल्ड ओढू नका, थोडा थोडा टाका घालत चार जागांवर फिरत राहा म्हणजे पत्रा आकसत नाही. बॅटरी सोडलेली हवी, मागची सीट आणि डिकीचं अस्तर बाहेर काढलेलं हवं, कारण पत्र्याच्या वरच्या बाजूला आवाजरोधक थर असतो आणि तो पेट घेतो. आत एक माणूस अग्निशामक घेऊन बसलेला हवा. नंतर झिंकचा प्रायमर, सांध्यांना सीलर, अंडरकोट, आणि पोकळीत मेण. रबर बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळू नका. चाकं जमिनीवर टेकल्यावर, गाडी आपल्या उंचीवर बसल्यावरच आवळा, नाहीतर बुश कायम पिळलेले राहतात आणि वर्षभरात फाटतात.

इंजिनाचं आता थोडक्यात. तेल काढा, फिल्टरचा कागद सुरीने कापून घड्या उलगडा आणि उन्हात बघा. बेअरिंगचा धातू चकाकी देतो. दिसला वा न दिसला, समोरून ठोकलेल्या गाडीत सहा रॉडची बारा अर्धी बेअरिंगं आणि बारा नवे बोल्ट हे काम करूनच घ्यावं. इंजिन वरून आडव्या दांड्यावर टांगायचं, पुढचा सबफ्रेम खाली घ्यायचा, ऑइल पॅन काढायचा. बोल्ट जुने वापरायचे नाहीत, ते आवळताना ताणले जातात. व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या व्हॅनॉस यंत्रणेकडेही तेव्हाच बघा. एक्झॉस्ट कॅमच्या हबवरचे दोन दात व्हॅनॉसचा तेलपंप फिरवतात. ते तुटले तर तुकडा टायमिंग चेनमध्ये जातो. व्हॉल्व्हचं अंतर थंड इंजिनावर इनटेकला ०.१८ ते ०.२३ आणि एक्झॉस्टला ०.२८ ते ०.३३ मिलिमीटर ठेवा. तेल १०डब्ल्यू-६०, फिल्टरसह साडेपाच लिटर.

कागदाचं काम पहिल्या दिवसापासून सुरू करायचं असतं. गाडी घेण्याआधी एनएमव्हीटीआयएस या राष्ट्रीय नोंदणीतला अहवाल काढा. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन टायटलवरचा शेरा गळवायचा धंदा चालतो, आणि तो या अहवालात पकडला जातो. शेरा ‘जंक’ किंवा नष्ट केल्याच्या दाखल्याचा असेल तर बहुतेक राज्यांत ती गाडी पुन्हा रस्त्यावर येऊच शकत नाही, सुटे भाग म्हणूनच घ्या. दुरुस्तीआधीचे फोटो, प्रत्येक सुट्या भागाची पावती, आणि भाग दुसऱ्या गाडीतून आला असेल तर त्या गाडीचा व्हीआयएन, हे सगळं राज्याच्या तपासणीत मागतात. न्यूयॉर्कसारख्या राज्यांत ही तपासणी चोरीचे भाग शोधण्यासाठी असते, गाडी सुरक्षित आहे की नाही ते ती बघत नाही. ते बघणारे तुम्हीच. विमा कंपनीलाही आधीच फोन करा. समोरच्याच्या नुकसानीचा विमा मिळतो, स्वतःच्या गाडीचा पुष्कळ ठिकाणी मिळत नाही किंवा तुटपुंजा मिळतो. बँका अशा गाडीवर सहसा कर्जही देत नाहीत.

सगळं बसलं की पहिले पाचशे मैल गाडीला जोर देऊ नका. मग तेल काढून त्यातलं थोडं प्रयोगशाळेत पाठवा, सबफ्रेमचे आणि चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा बघा, चाकांचे १२० न्यूटन-मीटरला, आणि अलाइनमेंट दुसऱ्यांदा करून घ्या. दुसऱ्या कागदावरचे कलाचे आकडे पहिल्याशी जुळले तर सांगाडा जागेवर बसलाय. दोन्ही कागद, तळाच्या वेल्डचे फोटो आणि एअरबॅगच्या पावत्या एकाच फाइलीत घालून ती गाडीच्या टायटलबरोबर ठेवा, पुढच्या मालकाला द्यायला.